सिलिकाचा पृष्ठभाग कोण मोजणार?

गेल्या महिन्यात एकाच ओपीडीत, तासाभराच्या अंतराने दोन रुग्ण आले. पहिली अडीच वर्षांची मुलगी, आजीच्या कडेवर. नव्या बुटांच्या खोक्यातली छोटी पुडी तिने फाडून तोंडात घातली होती. पुडीवर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'खाऊ नये' असे छापलेले. आजी रडकुंडीला आल्या होत्या. "डॉक्टरसाहेब, विष पोटात गेलं हो!" पुडी पाहिली. आत पांढरे, पारदर्शक मणी. मुलीच्या घशात काही अडकले नाही ना ते तपासले, पाणी पाजले आणि अर्ध्या तासाने घरी पाठवले. सिलिका जेल पोटातून जसे जाते तसेच बाहेर पडते. (मणी निळे असतील तर त्यात बहुधा कोबाल्टचा क्षार असतो. तेव्हा मात्र पुडी सोबत घेऊन दवाखान्यात या.)

दुसरा रुग्ण तिशीतला कारागीर. लातूरकडून आलेला, गेली दहा-अकरा वर्षे थेरगाव, वाकड, पुनावळे भागातल्या नव्या इमारतींमध्ये किचन ओटे बसवतो. एक जिना चढला की धाप लागते. वेगवेगळ्या ठिकाणी मिळून क्षयरोगाच्या औषधांचा कोर्स दोनदा झालेला, थुंकीत जंतू मात्र कधीच सापडले नव्हते. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागांत बारीक गोल गाठी पसरलेल्या. विचारले, दगड कोणता कापता? "पूर्वी ग्रॅनाइट, आता जास्त करून क्वार्ट्झ." पाणी मारून कापता का? "पाणी मारलं की चिखल होतो, मालक ओरडतात. कोरडंच कापतो. तोंडाला रुमाल असतो."

आजींना भीती होती तो पदार्थ सिलिका, आणि या तरुणाचे फुप्फुस ज्याने दगडासारखे केले तोही सिलिका. रासायनिक सूत्र दोन्हींचे एकच, सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन.

वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला या फरकाची दोन कारणे शिकवली गेली आणि पुढे मीही विद्यार्थ्यांना तीच सांगत आलो. एक, पोट आणि फुप्फुस वेगळे आहे. पोटातले बाहेर जाते, फुप्फुसाच्या तळाशी गेलेला सूक्ष्म कण तिथेच राहतो. दुसरे, जेलमधली सिलिका अस्फटिक आणि क्वार्ट्झ स्फटिक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही 1997 मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. अस्फटिक सिलिका मात्र 'पुरेसा पुरावा नाही' अशा तिसऱ्या गटात ठेवली. हे सगळे आजही बरोबर आहे, पण पुरेसे नाही. शरीरातल्या पेशीला कणाचे पोट दिसत नाही, तिचा संबंध येतो तो फक्त त्याच्या कातडीशी. ही कातडी, म्हणजे पृष्ठभाग, मोजण्याचे तंत्र गेल्या काही दशकांत बरेच पुढे गेले आहे. आपले कायदे आणि वेष्टनावरचे मजकूर मात्र अजून वजनावरच अडलेले आहेत.

सिलिकाच्या कणाच्या आत प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंना धरून असतो. कण जिथे संपतो तिथे काही हात मोकळे राहतात. हवेतले पाणी लगेच तिथे येऊन बसते आणि त्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी तयार होते. तिला सिलॅनॉल म्हणतात. पूर्ण ओलावलेल्या सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला सरासरी 4.9 सिलॅनॉल असतात, असे रशियन शास्त्रज्ञ झुरावलेव्ह यांनी असंख्य नमुने तपासून दाखवले. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. आता गोळ्यांच्या पाकिटावर 'कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड' लिहिलेले असते, त्या प्रकारच्या भुकटीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग 200 चौरस मीटर असू शकतो. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर दोन टू-बीएचके फ्लॅट. एवढ्या जागेवरची सिलॅनॉल मोजली तर एकावर एकवीस शून्ये येतात. या जोड्यांना रसायनशास्त्रज्ञ हवे ते रेणू चिकटवू शकतात, आणि 'फंक्शनलाइज्ड' सिलिका म्हणतात ती हीच.

ही उघडी टोके डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकातही नाहीत. मग मोजायची कशी? प्रत्येक रासायनिक बंध स्प्रिंगसारखा हलत असतो आणि त्याच्या हलण्याला जुळणारा प्रकाश तेवढा तो शोषून घेतो. नमुन्यावर अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश सोडायचा आणि कोणता भाग गिळला गेला ते पाहायचे. एकट्या उभ्या असलेल्या सिलॅनॉलची खूण 3747 या आकड्याजवळ अगदी टोकदार उमटते. शेजाऱ्याशी हात धरून उभी असलेली सिलॅनॉल त्याच्या खाली पसरट उंचवटा देतात. म्हणजे टोके आहेत की नाहीत एवढेच कळत नाही, ती एकमेकांशी कशी वागतात तेही कळते. हाच वर्णपट क्वार्ट्झलाही पकडतो. 800 च्या जवळ अस्फटिक सिलिका एकच रुंद टेकडी दाखवते, तर क्वार्ट्झ 798 आणि 779 अशी जोडशिखरे दाखवतो. कारखान्याच्या हवेतल्या धुळीत क्वार्ट्झ किती, हे या जोडशिखरांवरून मोजण्याची पद्धत अनेक दशके वापरात आहे.

आता त्या कारागिराच्या फुप्फुसाकडे परत येऊ. 1988 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ताजा दळलेला क्वार्ट्झ आणि दळून ठेवून दिलेला क्वार्ट्झ यांची तुलना केली. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स नावाच्या वर्णपट पद्धतीत ताज्या भुकटीवर तुटलेल्या बंधांची, अतिशय झोंबणाऱ्या मूलकांची खूण सापडली. भुकटी शिळी होत गेली तशी ती खूण मंदावली आणि पेशींना होणारी इजाही. म्हणजे धूळ तीच, वजन तेच, पण ताजी फुटलेली जास्त घातक. पुढे इटलीतल्या तुरिन विद्यापीठाच्या गटाने प्रयोगशाळेत न फोडता वाढवलेले क्वार्ट्झचे स्फटिक पेशींवर टाकून पाहिले. त्यांनी फारसे काही केले नाही. तेच फोडले की विखारी झाले. 2020 मध्ये याच गटाने बेल्जियमच्या संशोधकांबरोबर कारण मांडले. फुटलेल्या पृष्ठभागावर काही सिलॅनॉल एकमेकांपासून 4 ते 6 अँगस्ट्रॉमवर उभी राहतात. हात धरण्याइतकी जवळ नाहीत आणि पूर्ण एकटीही नाहीत. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) हीच जोडी पेशीचे आवरण पकडते आणि फाडते, असे त्यांचे म्हणणे. इन्फ्रारेड वर्णपटात या जोड्यांची खूण वाढली की लाल रक्तपेशी फुटण्याचे प्रमाणही वाढले. मला यात सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हे की अशा जोड्या काही अस्फटिक सिलिकांवरही सापडल्या. 'स्फटिक वाईट, अस्फटिक चांगली' ही आमची सोपी विभागणी तिथे थोडी डळमळते.

एका शोधनिबंधाने नियम बनत नाहीत. किती धूळ, किती वर्षे, हा प्रश्न आजही पहिला आहे. पण चिंचवड-वाकड पट्ट्यात रोज शेकडो ओटे ग्राहकाच्या स्वयंपाकघरातच, कोरड्या ग्राइंडरने कापले जातात, तेव्हा कारागिराच्या नाकापासून फूटभरावर ताजा फुटलेला पृष्ठभाग तयार होत असतो. कृत्रिम क्वार्ट्झच्या फळीत सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वरही असते, तर ग्रॅनाइटमध्ये साधारण तिसाच्या आसपास. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडाचे उत्पादन, विक्री, कापणे, बसवणे सगळ्यावर बंदी घातली. सिलिकाचे प्रमाण कमी केले तर चालेल का, हा पर्यायही त्यांनी तपासला आणि सुरक्षित पातळी दाखवणारा पुरावा नाही म्हणून नाकारला.

पृष्ठभागच गुन्हेगार असेल तर त्यावर वेष्टन चढवून टाकावे, ही कल्पना जुनी आहे आणि तिचा इतिहास वाईट आहे. 1930 च्या दशकात कॅनडातल्या डॉक्टरांना सशांवरच्या प्रयोगात दिसले की ॲल्युमिनियमची भुकटी क्वार्ट्झवर बसते आणि सिलिकोसिस रोखते. तर्क बिनचूक वाटला. 1943 पासून ओंटारियोच्या सोन्याच्या खाणींत कामगार पाळीला उतरण्यापूर्वी कपडे बदलायच्या खोलीची दारे बंद करून 'मॅकिंटायर पावडर' हवेत सोडली जाई आणि ती श्वासात घेणे सक्तीचे होते. हे 1979 पर्यंत चालले. सिलिकोसिस त्याने थांबल्याचे सिद्ध झाले नाही. 2020 मध्ये ओंटारियोतल्या अभ्यासात या खाणकामगारांत पार्किन्सन्सचे प्रमाण जास्त आढळले आणि 2022 मध्ये तिथल्या सरकारने तो व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. त्या डॉक्टरांची पृष्ठभागाबद्दलची शंका चुकीची नव्हती. पण माणसाच्या फुप्फुसात वेष्टन खरोखर बसते का, किती बसते, टिकते का आणि उरलेले कुठे जाते, यातले काहीही न मोजता त्यांनी हजारो माणसांवर प्रयोग केला. सोबत डॉक्टरांची सही होती, हे आमच्या व्यवसायाने विसरू नये.

चांगल्या बाजूलाही उदाहरणे आहेत, आणि ती सगळ्यांच्या अंगावरून गेलेली आहेत. कोविडच्या काळात नाकातल्या नमुन्यातून विषाणूचे आरएनए वेगळे करायला पुष्कळ किटमध्ये सिलिकाचा थर दिलेले चुंबकी मणी असत. ठरावीक क्षारांच्या द्रावणात आरएनए सिलिकाच्या पृष्ठभागाला चिकटते, बाकीची घाण धुऊन टाकायची आणि मग साध्या द्रावणात ते सोडवायचे. हे तत्त्व नेदरलँड्समधल्या बूम आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडले होते. टायरमध्येही हेच. रबर आणि सिलिका यांचे जमत नाही म्हणून सिलॅनॉलला सिलेन नावाचा दुवा जोडतात. अशी टायर कमी इंधनात पळते आणि ओल्या रस्त्यावर पकड धरते. आपल्या चाकण पट्ट्यात टायर आणि गाड्या दोन्ही बनतात, तिथल्या अनेकांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. औषधात पाहायचे तर अमेरिकेत 2011 मध्ये दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान सिलिकाचे कण माणसांमध्ये कर्करोग शोधण्यासाठी वापरून पाहायला परवानगी मिळाली. त्यांच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर असतो. त्यामुळे रक्तातली प्रथिने त्यांना चिकटत नाहीत आणि काम झाले की ते लघवीवाटे बाहेर पडतात.

अशा औषधी कणाबाबत नेमका एक प्रश्न रुग्णाच्या जिवाशी जोडलेला असतो. चढवलेला थर रासायनिक बंधाने जोडला आहे की नुसता वर बसला आहे? नुसता बसलेला थर रक्तात सुटतो, आणि मग उघडी सिलिका रक्तपेशींच्या समोर येते. भुकटी जाळून वजन किती घटले ते पाहिले तर थर किती होता एवढे कळते, जोडलेला होता की नाही ते कळत नाही. इन्फ्रारेडमध्ये 3747 ची खूण घटली आणि कार्बन-हायड्रोजनच्या खुणा उगवल्या तर जोडला गेल्याचा सुगावा लागतो, पण त्यातून नेमकी संख्या काढणे अवघड. एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन पद्धत वरच्या साधारण दहा नॅनोमीटरमधली मूलद्रव्ये सांगते. घन अवस्थेतली एनएमआर सगळ्यात स्पष्ट बोलते. सिलिकॉन अणूला किती शेजारी आहेत, त्यातला कार्बनचा शेजारी खरा जोडलेला आहे का, हे वेगवेगळ्या शिखरांवरून वाचता येते. अडचण ही की एनएमआरला दिसणारा सिलिकॉनचा प्रकार निसर्गात शंभरात पाचापेक्षाही कमी असतो, त्यामुळे एका नमुन्याला तासन् तास लागतात. अलीकडे एक सोपी युक्ती रुळते आहे. सैल रेणू आधी धुऊन काढायचे, मग कणच अल्कलीत विरघळवायचा आणि सुटलेले रेणू नेहमीच्या एनएमआरवर मोजायचे.

हे वाचून क्षयरोगाचे निदान आठवले. नुसत्या एक्स-रेवर औषध सुरू करणे जसे धोक्याचे, तसे नुसत्या एका वर्णपटावर 'सुरक्षित' शिक्का मारणे. थुंकीची तपासणी, सीबीनॅट, एक्स-रे आणि कामाचा इतिहास, सगळे एकत्र लागते. त्या कारागिराच्या बाबतीत शेवटचेच राहून गेले होते.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर 2019 मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली, हे पाऊल स्वागतार्ह होते. ती औषधांपुरती आहेत. डांगे चौकापासून कुठल्याही दिशेला निघा, गाडीला 'नॅनो सिरॅमिक कोटिंग' करून देणारी दुकाने दिसतील. बूट आणि सोफा भिजू नये म्हणून मारायचे फवारे ऑनलाइन मिळतात. यातल्या बऱ्याच वस्तूंत सिलिका किंवा सिलेन असते. ते वाईटच असते असे मी म्हणत नाही. पण त्याच्या सुरक्षिततेचा दाखला अनेकदा खाण्यातल्या सिलिकावरून उसना घेतलेला असतो. खाद्यपदार्थांतली सिलिका, क्रमांक 551, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2024 मध्ये पुन्हा तपासली आणि सध्याच्या वापरात चिंतेचे कारण नाही असे सांगितले. हा निर्वाळा उघड्या सिलिकाला आहे, पोटावाटे जाणाऱ्या सिलिकाला आहे. वेगळा थर चढवलेल्या आणि फवाऱ्यातून फुप्फुसात जाणाऱ्या कणाला तो लागू पडत नाही.

उलट चूकही होते. जर्मनीत 2006 मध्ये 'मॅजिक नॅनो' नावाचा बाथरूमचा फवारा बाजारात आला आणि काही दिवसांतच शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला. जगभर नॅनो तंत्रज्ञानाच्या नावाने ओरड झाली. नंतर तपासणीत फवाऱ्यात नॅनोकण सापडलेच नाहीत. मोजण्याआधी दोष दिला, तसे आधी न मोजताच विकलेही होते.

भोसरीच्या फौंड्रीत वाळूचे साचे फोडणारा, चाकणला कास्टिंग घासणारा आणि थेरगावात ओटा कापणारा, या तिघांसाठी मात्र नॅनोच्या वादात थांबायची गरज नाही. त्यांच्या धुळीसाठी लागणारे मोजमाप आजच उपलब्ध आहे. कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वासावाटे आत जाणाऱ्या धुळीची मर्यादा दिलेली होती, दहा भागिले क्वार्ट्झची टक्केवारी अधिक दोन. निव्वळ क्वार्ट्झ असेल तर घनमीटरला साधारण 0.1 मिलिग्रॅम. अमेरिकेने 2016 मध्ये ती 0.05 वर आणली. आपल्या सूत्राची गंमत अशी की टक्केवारी माहीत असल्याशिवाय मर्यादाच काढता येत नाही, आणि टक्केवारी काढायची तर वर्णपट किंवा क्ष-किरण विवर्तन लागते. अमेरिकेच्या व्यवसाय आरोग्य संस्थेने टेबलावर मावणाऱ्या इन्फ्रारेड यंत्राने पाळी संपल्यावर लगेच, त्याच दिवशी गाळणीवरचा क्वार्ट्झ मोजण्याची पद्धत आणि त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर दिले आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली एनएमआर यंत्रे यासाठी लागत नाहीत. असे एखादे यंत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने एमआयडीसीतल्या संघटनांसोबत फिरते ठेवले, तर लहान युनिटला वर्षातून एकदा तरी खरा आकडा मिळेल.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी, ही तरतूद चांगली आहे. सिलिकोसिस अधिसूचित आजारांच्या यादीतही आहे. पण माझा रुग्ण तिशीत आहे, आणि कृत्रिम दगडाची धूळ चाळिशीची वाट पाहत नाही. संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू. ओटे बसवणारी टोळी तीन-चार जणांची. धोकादायक काम असेल तर एका कामगारालाही ती लागू करण्याची मुभा सरकारला आहे. कोरडे दगडकाम त्या यादीत घालायला काय अडचण आहे, हे कळत नाही. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण केले, महाराष्ट्राला ते अवघड नसावे.

तोवर ज्यांच्या घरी ओटा बसतो आहे त्यांनी चिखल सहन करावा. पाणी मारून कापायला सांगावे, नाहीतर दुकानातूनच कापून आणावा. रुमालातून हा कण सहज आत जातो, किमान एन-95 लागतो. आणि सहकारी डॉक्टरांना विनंती, सिलिकोसिस दिसला तर कळवणे ही आपली कायदेशीर जबाबदारी आहे.

त्या कारागिराच्या जुन्या केसपेपरवर व्यवसायासमोर 'खासगी नोकरी' लिहिले होते. ते खोडून मी 'क्वार्ट्झ कटिंग, 11 वर्षे, कोरडे' असे लिहिले आणि संचालनालयाचा फॉर्म भरला. सिटी स्कॅनची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. त्याच्याबरोबर काम करणारे दोघे भाऊही एक्स-रेसाठी येणार आहेत, धाकटा बावीसचा आहे.